आत्यांच्या वहीत नसलेली नोंद

पंपघरातल्या माणसांना दोन आवाजांची सवय झाली होती: मोटारींची घरघर आणि आत्यांचं ओरडणं. दोन्हींपैकी एक जरी थांबला तरी माणसं मान वर करून बघत, काही बिघडलं का म्हणून.

त्या खऱ्या कुणाच्याच आत्या नव्हत्या असं नाही, एका भाच्याच्या होत्या. तो बावीस वर्षांपूर्वी इथे मीटर वाचायला लागला, चार महिन्यांत कंटाळून निघून गेला, पण त्याची हाक मागे राहिली. पुढे त्यांच्याच वयाचा पहारेकरीही त्यांना आत्या म्हणू लागला, आणि एकामागून एक आलेले साहेबही. राग मात्र त्यांनी स्वतःच्या घरून आणला होता. तो नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि नाक काही लहान नव्हतं.

काम त्यांचं नेमकं होतं. गावाला पाणी देणाऱ्या पाच उंच टाक्या होत्या. प्रत्येक टाकीत पाणी किती आहे ते मोजणारं एक यंत्र होतं, आणि ते आकडे नेटवर्कवरून पंपघरातल्या एका मशीनकडे येत. मशीन पडद्यावर पाच निळे खांब काढी. खांब वर चढला की त्या टाकीची मोटार बंद करायची, खाली आला की चालू करायची. हे मशीन आत्यांनी बसवलं, तेव्हापासून त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

आणि वही. लाल पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची, दोरीने पेन बांधलेली. मशीनला काहीही केलं की वहीत लिहायचं: तारीख, वेळ, काय केलं, का केलं, सही. "वहीत नाही ते झालंच नाही," हे आत्यांचं वाक्य पंपघरात इतक्यांदा म्हटलं गेलं होतं की पहारेकरी ते झोपेतही म्हणे. एक रकाना रिकामा राहिला तर त्या माणसाला जेवणावरून उठवून आणत. सर्वांत जास्त वेळा उठवला गेला तो सावकाश.

सावकाश म्हणजे दिवसपाळीचा ऑपरेटर. नाव दुसरं होतं, पण ते फक्त पगारपत्रकात. शेहेचाळीस वर्षांचा, दोन मुलींचा बाप, आधी दहा वर्षं रस्त्यावरचे व्हॉल्व्ह फिरवायचा, मग इथे आला. कंत्राटी माणूस, दर वर्षी कागद नवा व्हायचा, आणि या वर्षीचा कागद याच महिन्याअखेर संपत होता. त्याला आग लागल्याचं सांगायला पाठवलं तर तो आधी चपला जोडीने लावून ठेवील, असं लोक म्हणत. म्हणोत. त्याने एकदा हातात घेतलेलं काम दुसऱ्यांदा करावं लागत नसे, हे म्हणायला मात्र कुणाची जीभ वळत नव्हती. आत्यांचीही नाही.

तर या मशीनची एक खोड होती. त्यातलं नेटवर्कचं कार्ड जुनं, हट्टी, आणि त्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, आत्यांनी स्वतः हाताने तयार केलेला. तो एकाच कर्नलवर चालायचा. कर्नल म्हणजे त्या मशीनचा गाभा. बाकी सगळं त्याच्या तोंडाकडे बघून हलतं. गाभा बदलला की ड्रायव्हर नव्याने बनवायचा, नाहीतर कार्ड आहे तिथेच मुकं होऊन बसणार. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून ठेवलं होतं: कर्नल बदलू नये. बदललाच आणि अडलं, तर मशीन सुरू होताना यादीतून जुना कर्नल निवडावा. दोन मिनिटांचं काम आहे. घाबरू नये.

आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या आणि सहाव्या दिवशी वरच्या कचेरीतून पत्र आलं की सुरक्षिततेसाठी सगळी मशीन आठवड्याच्या आत अद्ययावत करावीत. साहेबांनी पत्र वाचलं, वही वाचली नाही. लाल शाईच असल्या लोकांना दिसत नाही. ते वरच्या मजल्यावर बैठकीत बसले होते. तिथूनच फोन लावून त्यांनी सावकाशला सात ओळी वाचून दाखवल्या आणि त्याने त्या अक्षर अन् अक्षर टाइप केल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. शेवटच्या ओळीला मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. नवा कर्नल छान उभा राहिला. आणि पाचही निळे खांब राखाडी झाले.

सावकाशला पहिलं पान पाठ होतं. त्याने मशीन परत सुरू केलं आणि जुना कर्नल निवडायला यादी उघडली. यादीत एकच नाव होतं, नवं. मग त्याने आत्यांना फोन केला.

घरी धाकटी बहीण हातात थेंबांची बाटली घेऊन आडवी उभी राहिली. डॉक्टरांनी वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही आणि चिडायचं नाही असं बजावलं होतं. आत्यांनी तिला विचारलं, पहिली दोन पाळते, चालेल का? काळा चष्मा चढवला आणि अर्ध्या तासात पंपघरात येऊन उभ्या राहिल्या.

तोवर दोन नंबरची टाकी भरून वाहू लागली होती आणि खालच्या सुतारकामाच्या दुकानात पाणी शिरलं होतं. चार नंबर कोरडी पडत होती. फोन एकसारखा वाजत होता. सुताराने आत्यांच्या आईबापांचा उद्धार केला तो त्यांना ऐकून घ्यावा लागला, आणि तो ऐकताऐकता त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवून त्या वळल्या. पंपघरात आठ माणसं होती. सावकाश सर्वांत पुढे उभा होता.

"जुना कर्नल कुठाय?"

"यादीत नाही, आत्या."

"ते मला दिसतंय. एक डोळा बंद असला तरी दिसतंय. कुणी पुसला?"

"मी पुसला नाही."

"मग मशीनने गिळला का? सहा वर्षं तिथे होता तो. तू हात लावलास आणि गेला. बोटं चाचपडत फिरवलीस, काहीतरी दाबलंस, आणि आता तोंड वर करून नाही म्हणतोस?"

सावकाशने वही पुढे केली. सात ओळी होत्या, प्रत्येकीपुढे वेळ. पहिली नोंद: दहा वाजून बारा मिनिटं, साहेबांचा फोन. शेवटची: दहा चाळीस, मशीन बंद करून चालू. पुसण्याची ओळ त्यात नव्हती. आत्यांनी चष्मा वर करून पान डोळ्याजवळ नेऊन वाचलं आणि म्हणाल्या, "जे केलंस ते लिहिलं नाहीस, एवढंच यातून कळतं."

बावीस वर्षं ज्या बाईने वहीत नाही ते झालंच नाही म्हणून लोकांची जेवणं गार केली, तिने त्या दिवशी असं म्हटलं. आठांपैकी दोघांनी खाली बघितलं. सावकाशचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. त्याने वही तिच्या जागी ठेवली, पेनची दोरी सरळ केली.

त्यात साहेबांचा फोन आला. कुणामुळे झालं एवढंच त्यांना हवं होतं. आत्यांनी सांगून टाकलं की जुना कर्नल ऑपरेटरने पुसला, नाहीतर दोन मिनिटांचं काम होतं. पलीकडे साहेबांचा श्वास मोकळा झालेला इकडे ऐकू आला.

पाच माणसं पाच टाक्यांवर पाठवली. प्रत्येकाने शिडी चढून झाकण उघडायचं आणि दर वीस मिनिटांनी पातळी फोनवर सांगायची. सर्वांत लांबची पाच नंबर, एकशे बारा पायऱ्यांची, सावकाशच्या वाट्याला आली. वाट्याला आली कसली, आत्यांनीच दिली. तो सायकल काढून गेला.

मग त्या मशीनपुढे बसल्या. कपाटातून ड्रायव्हरचं मूळ लिखाण काढलं. ते एका पेनड्राइव्हवर होतं आणि पेनड्राइव्ह औषधाच्या रिकाम्या डबीत. तो नव्या कर्नलसाठी नव्याने तयार करायचा तर त्या कर्नलच्या सोबतच्या फाइली हव्या होत्या. त्या इंटरनेटवर. म्हणजे नेट यायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर व्हायला नेट हवं. आत्या या मशीनला, साहेबांना, वरून पत्र पाठवणाऱ्याला आणि कार्ड बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालत वरच्या मजल्यावर गेल्या. टायपिस्ट बाईंच्या कॉम्प्युटरवरून फाइली उतरवल्या आणि खाली आल्या. जिन्याच्या अठ्ठावीस पायऱ्या, एका डोळ्याने, कठड्याला धरून.

पहिल्या खेपेला पडदाभर चुका आल्या. अक्षरं दिसेनात म्हणून त्यांनी ती एवढी मोठी केली होती की पडद्यावर पाचच ओळी मावत, त्यामुळे प्रत्येक चूक घरच्या पाहुण्यासारखी एकेक करून आत येत होती. सहा वर्षांत नव्या कर्नलने एका कामाचं नावच बदललं होतं. जुना ड्रायव्हर जुन्या नावाने हाका मारत होता, ओ कोण देणार? तीन ओळी बदलल्या. चुका दोनच आल्या. आणखी एक ओळ बदलली. शेवटी ड्रायव्हर तयार झाला, मशीनमध्ये चढला, आणि मागच्या बाजूचा कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकला.

खांब मात्र राखाडीच.

आत्यांनी टेबलावर मूठ आपटली तेव्हा चहाचा कप पडला. पुसत बसल्या नाहीत. नव्या कर्नलने कार्डालाही नवं नाव दिलं होतं आणि मशीनची सेटिंग अजून जुन्या नावाच्या कार्डाची वाट बघत होती. ते सापडायला चाळीस मिनिटं गेली आणि दुरुस्त करायला चाळीस सेकंदं. तीनला दहा कमी असताना पाचही खांब निळे झाले. टाळ्या वाजवायची पंपघरात पद्धत नाही. पहारेकऱ्याने नवा चहा आणून ठेवला एवढंच. टाक्यांवरची माणसं मात्र आकड्यांच्या खात्रीसाठी पाळी संपेपर्यंत तिथेच ठेवली.

साहेब खाली आले ते त्यानंतर. पस्तिशीचे, बाह्या नीट दुमडलेल्या, हातात टाइप केलेला कागद. ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे जुनी प्रणाली नष्ट झाली, सबब त्याचं कंत्राट पुढे वाढवू नये. पाचपर्यंत वर पाठवायचा होता. फक्त एक तांत्रिक पुरावा जोडायचा राहिला होता, तो आत्यांनी काढून द्यावा. आत्या म्हणाल्या, देते.

राग अजून उतरला नव्हता आणि पुरावा म्हणजे त्या रागाला मिळालेलं काम होतं. मशीन स्वतः काय काय झालं ते लिहून ठेवतं, मिनिटामिनिटाचं. मशीन कुणाला भीत नाही आणि कुणाचं मन राखत नाही, म्हणून आत्यांना माणसांपेक्षा मशीन आवडे. त्यांनी दहा चाळीसपासून वाचायला सुरुवात केली, पाच ओळी, मग पुढच्या पाच. दहा एक्केचाळीस: जुना कर्नल काढून टाकला. सापडला चोर. कुणी काढला ते पुढच्या पाच ओळींत होतं.

तिथे सावकाश नव्हता. कुणीच नव्हतं. मशीन सुरू होताना आपोआप चालणारी एक फाइल होती, ठेवलेली आत्यांच्याच कप्प्यात. नाव होतं झाडू.

त्यांनी झाडू उघडला. दहा ओळी होत्या. सर्वांत वर, सहा वर्षांपूर्वीची तारीख घालून, त्यांच्याच भाषेत लिहिलं होतं: जागा पुरत नाही. चालू असलेला कर्नल ठेवून बाकी सगळे काढ. नंतर नीट करते.

आठवलं. तेव्हा एका पाठोपाठ एक कर्नल साठून मशीनची जागा भरली होती, मशीन अडकलं होतं, दोन टाक्या वाहत होत्या, आणि त्यांनी चिडून पाच मिनिटांत हे खरडलं होतं. एक जुना राखून ठेव, एवढी अकरावी ओळ लिहायला हवी होती. नंतर नीट करते. त्यानंतर त्यांनी कर्नल कधी बदललाच नाही. मशीन सुरू होई तेव्हा झाडू दर वेळी फिरे आणि झाडायला काही नसल्याने गुपचूप परत जाई. आज सहा वर्षांनी त्याला पहिल्यांदा कचरा मिळाला. त्या एकीकडे लाल शाईत जुना कर्नल निवडा म्हणून लिहीत होत्या आणि दुसरीकडे त्यांचाच झाडू तो कर्नल झाडायला टपून बसला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

त्यांनी कपाटातून सहा वर्षांपूर्वीची वही काढली. त्या तारखेला एकच नोंद होती. खिडकीची काच बदलली. वेळ, कारण, सही, सगळं होतं. झाडूबद्दल अक्षर नव्हतं.

आत्यांना स्वतःचा इतका राग आला की ऑपरेशनचा डोळा ठणकायला लागला. सुताराचा, साहेबांचा, कार्डाचा, सगळ्यांचा राग एकत्र केला तरी एवढा झाला नसता. दुसऱ्यावर ओरडलं की राग बाहेर तरी जातो. हा कुठे जाणार? सकाळचा सावकाशचा लाल चेहरा समोरून हलेना. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर कोण तर फाशी सुनावणारी बाईच. झाडू पुसायला एक ओळ पुरली असती. तशीच आणखी एक ओळ मशीनच्या नोंदीतून दहा एक्केचाळीसही पुसू शकली असती, आणि ती कशी लिहायची हे त्या इमारतीत एकट्या आत्यांना माहीत होतं. बोटं कळफलकावर होती. त्यांनी ती उचलली, दोरीचं पेन ओढलं आणि वहीत लिहायला लागल्या. अक्षर वेडंवाकडं आलं, पण आलं.

वही घेऊन त्या पुन्हा अठ्ठावीस पायऱ्या चढल्या. साहेबांनी नोंद वाचली, दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. आत्या, तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आली. चांगलं नाव आहे. हे कुणाला कळणारही नाही. तो कंत्राटी माणूस, त्याला दुसरीकडे कुठेही मिळेल.

"कुठे मिळेल?" आत्यांनी विचारलं. "पत्ता सांगा. मी स्वतः नेऊन सोडते."

साहेब म्हणाले, तसं नाही, पण वर नाव तर द्यावं लागेल.

"दोन आहेत की. एक माझं. दुसरं याच पानावर आहे, वरून पहिली ओळ. दहा वाजून बारा मिनिटं, साहेबांचा फोन. त्याने वेळेसकट लिहिलंय. पान फाडलंत तर क्रमांक तुटतो, प्रत्येक पानावर मी आकडा घातलाय."

 साहेबांनी टाइप केलेला कागद खणात सरकवला. आत्यांनी हात पुढे केला आणि तो खाली घेतला नाही. शेवटी साहेबांनी कागद खणातून काढून त्या हातावर ठेवला. दुसरा अहवाल टायपिस्ट बाईंनी पाचच्या आत टाइप केला: दोन नावं, आणि खाली एक ओळ, ऑपरेटरचा दोष नाही. तो आत्यांनी समोर उभं राहून वर पाठवून घेतला. नेट चालू होतं.

सहाला पाळी बदलते. सावकाश पाच नंबरवरून आला तेव्हा शिडीच्या गंजाने त्याचे तळवे तपकिरी झाले होते. दिवसभरात सतरा वेळा चढला होता, सतरा आकडे खिशातल्या कागदावर वेळेसकट लिहिलेले होते. आत्यांनी त्याला दाराआड घेतलं आणि सांगितलं. झाडू, सहा वर्षं, सगळं. त्याचा कागद नवा होईल हेही सांगितलं. क्षमा मागायची सवय नसल्यामुळे तीसुद्धा त्यांनी चिडल्यासारखीच मागितली.

सावकाशने ऐकून घेतलं. खिशातून रुमाल काढला, एकेक बोट पुसलं.

"सकाळी आठ जण होते, आत्या."

"मोजलेस?"

"हो."

 आत्या बाहेर आल्या आणि घरी निघालेल्या दोघांना पहारेकऱ्याकरवी फाटकावरून परत बोलावलं. एकाने चिडून विचारलं की आता काय झालं.  आठही जण गोळा झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, वही डोळ्याजवळ धरली आणि नोंद मोठ्याने वाचली, ओरडण्याच्याच आवाजात, कारण दुसरा आवाज त्यांच्याकडे नव्हता. जुना कर्नल ऑपरेटरने पुसला नाही. मी लिहिलेल्या फाइलने पुसला. ती फाइल मी वहीत नोंदवली नव्हती. सकाळी मी त्याला सर्वांसमोर खोटं पाडलं, तो खरं बोलत होता.

मोटारी चालू होत्या.  सावकाश पुढे आला, त्याने वही हातात घेतली आणि ओळीवरून बोट फिरवत, तारीख, काय केलं, का केलं, सही, असं नेहमीसारखं शेवटपर्यंत वाचलं. मग वही परत आत्यांपुढे धरली आणि एका रिकाम्या रकान्यावर तपकिरी बोट ठेवलं.

"वेळ राहिली," तो म्हणाला.

आत्यांनी पेन घेतलं आणि वेळ लिहिली.